पापणीवरचं सोनं

माझी लेक कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि या होळीनंतर तिने मला कोंडलं. कडी लावून नाही. कडी लावली असती तर मी गॅलरीतून धोतराचा दोर करून उतरलो असतो. मी धोतर नेसत नाही ही अडचण मी वाटेत सोडवली असती. तिने काम त्याहून पक्कं केलं. इंदुरातल्या आमच्या सुदामा नगराच्या पोहेवाल्यापासून कचोरीवाल्यापर्यंत सगळ्यांना तिने माझा फोटो पाठवला. खाली एकच ओळ : इनको कुछ मत देना.

झालं असं, की पोलोग्राउंडच्या आमच्या वर्कशॉपात सगळ्यांची रक्ततपासणी झाली आणि माझ्या कोलेस्टेरॉलचा आकडा बघून लॅबवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. घरी सांगताना मी थोडी भर घातली. म्हटलं, नळीतल्या रक्तावर बोटभर साय आली होती, त्याने विरजण लावून ठेवलंय.

"साय येत नाही बाबा," लेक म्हणाली. "कोलेस्टेरॉलने रक्त पांढरं होत नाही, ते दुसऱ्या चरबीने होतं. निदान थापा तरी बरोबर मारा."

पण हसली नाही. कॉलनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी तीन महिने कडक पथ्य, मग पुन्हा बघू. त्या संध्याकाळी ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"आजोबा गेले तेव्हा अठ्ठेचाळीसचे होते. तुम्ही एक्कावन्नचे आहात. मला तुमचा फोटो आत्याआजीच्या भिंतीवर नकोय. एवढंच आहे."

आत्याआजी म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. बडा गणपतीच्या देवळाजवळ भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. ऐंशी कधीच ओलांडली, आणि जिना अजून अशी चढते की खालचा दुकानदार पातेली सावरून धरतो. तिच्या भिंतीवर आमच्या घरातले गेलेले पुरुष एका ओळीत लावलेत. ओळ लांब आहे. आमच्याकडे पुरुष पन्नाशी बघत नाहीत. मी बघितली, तर दोन-तीन नातेवाईक माझ्याकडे अजून संशयाने बघतात.

त्या सगळ्या फोटोंत एक गोष्ट सारखी आहे. खूण. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यातला एक खजिन्यावर पहाऱ्याला असताना मोहरांची गोण फुटली आणि सोन्याचा असा धुरळा उठला की त्याच्या पापण्यांवर सोनं बसलं. आठ दिवस तोंड धूत होता, गेलं नाही. शेवटी रक्तात उतरलं. तेव्हापासून असल रक्ताच्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाकडे, पिवळे ठिपके येतात. शिवाय टाचेच्या वरची शीर दोरखंडासारखी जाड होते. ती घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून ठेवून. ही गोष्ट मी रचलेली नाही. मी फक्त आठ दिवस घातले.

मला तिशीत ठिपके आले तेव्हा घरात शिरा झाला होता. आणि कोणाच्याही बारशाला आत्या कनवटीची जुनी मोहोर काढते, बाळाच्या दोन्ही पापण्यांना लावते आणि म्हणते, "खूण उतरो." माझ्या लेकीच्याही पापण्यांना तिने लावली होती. आत्याला स्वतःला मात्र खूण आलीच नाही. "मी कोरी राहिले," असं ती म्हणते, एखादी बाई मूल झालं नाही हे सांगते त्या आवाजात.

तर कैद. सकाळी दलिया. दुपारी डब्यात दुधी. रात्री, बदल हवा म्हणून, दुधीचं सूप. दुधी हे फळ आहे, भाजी आहे की सूड आहे, हे मला उन्हाळा संपेपर्यंत कळलं नाही. एका रविवारी मी पेपर आणायच्या नावाखाली कोपऱ्यावरच्या ठेल्यापर्यंत गेलो. पोहे वाफेवर बसले होते, वर शेव, जिरावण मसाला, बाजूला जिलबीची कढई. पोहेवाल्याने मला बघितलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. वीस वर्षांची ओळख!

"भिया, आपको नहीं दे सकता. बिटिया का फोन आया था."

"अरे, बघू तर दे."

"देखने का भी मना किया है, भिया."

घरी परतलो तर लेक दारात. "बाबा, जीभ."

हा रोजचा रिवाज झाला होता. बाहेरून आलो की जीभ दाखवायची. जिलबीने केशरी होते, चटणीने हिरवी, पानाने लाल. मी पन्नाशीचा माणूस दारात उभा राहून जीभ काढतोय आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दुधाची पिशवी घेत बघतायत. एकदा त्यांनी आपण होऊन लेकीला सांगितलं, "आज साफ दिसते हो."

वर्कशॉपात सुटका असेल असं वाटलं, तर तिथला फास अजून घट्ट. आम्ही शेव पाडायची मशीन बनवतो. गिऱ्हाइकाला मशीन द्यायच्या आधी त्यातून एक घाणा काढायचा, ही आमची रीत. पहिली मूठ देवाला, दुसरी मला. कारण जाळीची भोकं बरोबर पडलीत की नाही ते माझ्या दाढेला कळतं. आता दाढेवर बंदी. मग मी शेव कानाजवळ नेऊन मोडायला लागलो. कट्ट वाजली की जाळी पास. गिऱ्हाइकांना वाटायचं काहीतरी विदेशी टेक्निक आहे. पण घाण्याचा वास शर्टाला लागतो, त्याला काय सांगणार?

"बाबा, शर्टाला तळणाचा वास आहे."

"अगं, मशीन टेस्ट केलं."

"आणि मशीनने तुमच्या मिशीत शेव घातली?"

कानाजवळ मोडलेली शेव उडते, हे आजवर कोणत्या कोर्टाने मान्य केलंय?

एकदा मी चिडून म्हणालो, "ज्याच्यापायी मी हे भोगतोय तो दिसतो कसा, ते तरी दाखव."

तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कोलेस्टेरॉलचा रेणू काढून दाखवला. तीन षट्कोन एकमेकांना कडेने चिकटलेले, त्यांना एक पंचकोन, त्याच्या मागे फांदीसारखी शेपटी. सगळे मिळून सत्तावीस कार्बन. पहिल्या षट्कोनाच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटीशी जोडी. "ही जोडी पाण्याशी बोलते," ती म्हणाली. "बाकी सगळा देह तेलकट. पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाताना याला वाहन लागतं."

"हे तर नट आहेत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तो पितळेत बनवला. षट्कोनी नट पोलोग्राउंडात खड्यांसारखे पडलेत, पण पंचकोनी नट कोणी बनवत नाही. त्याला लागेल असा पानाच नाही. मी अख्खी दुपार कानस घेऊन बसलो. नटांच्या कडा घासून एकमेकांना डाग दिला, मागे सायकलच्या चेनचा तुकडा, पुढे छर्ऱ्याचा एक दाणा. लाच म्हणून घरी नेला. लेकीने उलटापालटा करून बघितला.

"कडा छान जुळल्यात. शेपटी जरा वर हवी." मग तिचा आवाज मऊ झाला, वर्गात होत असेल तसा. "हा शत्रू नाही हो बाबा. तुमच्या एकेका पेशीच्या पडद्यात हा बसलाय. उष्णतेत पडदा सैल पडू देत नाही, थंडीत ताठू देत नाही."

"म्हणजे शेवेच्या पिठातलं मोहन. कमी पडलं तर शेव दगड, जास्त झालं तर भुगा."

तिने तो टेबलावर ठेवला. "हो. हे मी वर्गात सांगेन. आणि जेवण पचवायचं पित्त यातून होतं. बाईचे-पुरुषाचे हार्मोन यातून. उन्हात कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते याच्याच एक पायरी आधीच्या भावापासून. आणि मेंदूत तर नुसता भरलाय."

"माझा मेंदू मोठा, म्हणून आकडा मोठा."

"बाबा."

"बरं, मग शेवेत किती असतो?"

"शेवेत जवळजवळ नाहीच. बेसन झाडाचं, तेल झाडाचं."

मी उठून चप्पल शोधायला लागलो.

"बसा! स्वस्त तेलातली घट्ट चरबी लिव्हरला सुस्त करते. रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घ्यायला लिव्हरवर दारं असतात, ती कमी होतात. बाकी माल बहुतेक तुम्हीच बनवता. व्हिनेगरमध्ये असतं ना आम्ल, त्याचे दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत जोडत, तुमचंच लिव्हर."

घ्या! कारखाना माझ्याच पोटात तीन पाळ्यांत चालू, आणि मला बाहेरच्या दुकानांसमोरून जायला बंदी. हे मी बोलून दाखवलं. दुधी वाढला गेला.

आणि आता जे सांगतो त्यात मी कणभर भर घातलेली नाही. त्या तीन महिन्यांत मी काही खाल्लं नाही. जिलबी नाही, कचोरी नाही, वर्कशॉपातली दुसरी मूठसुद्धा नाही. भुकेने नाही, मोहाने माझी हाडं वाजत होती, तरी नाही. तिने ते भिंतीचं बोलल्यापासून माझ्या घशाखाली उतरेना, हे खरं कारण. ते मी तिला सांगितलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नाही, आम्ही मोहरांच्या गोष्टी सांगतो.

पुन्हा तपासणी झाली. आकडा केसभर खाली आला होता, एवढंच. ढिम्म.

हॉलमध्ये खटला भरला. बायको सोफ्यावर, लेक उभी, मी टीपॉयशेजारच्या वेताच्या मुढ्यावर.

"अहो, एकदाच सांगा," बायको म्हणाली. "कुठे खात होतात?"

"कुठेही नाही. बडा गणपतीची शपथ."

"त्याला मधे ओढू नका. त्याच्यावर आधीच तुमच्या शपथांचा डोंगर झालाय."

"मी खरंच काही खाल्लं नाही गं!"

आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण निरपराध होतो, आणि सवय नसल्यामुळे मला ते नीट सांगताच येईना. आवाज चुकीच्या जागी चढत होता. खोटं बोलताना मी कसा गुळगुळीत बोलतो. खरं बोलताना त-त-प-प. ते बघून दोघींची खात्रीच पटली.

लेक रागावली असती तर चाललं असतं. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुम्हाला नसेलच राहायचं आमच्यात, तर मी तरी किती पहारा करू?"

त्यानंतर ती मला सकाळी स्कूटरवर वर्कशॉपात सोडायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. मी मागे बसायचो, डबा मांडीवर. बाजार दोन्ही बाजूंनी सरकत जायचा, कढया, वाफा, ओळखीची माणसं हात करतायत, आणि मी गाडीत नेलेल्या कैद्यासारखा मान वळवून बघतोय. तिची पाठ माझ्यासमोर, ताठ. त्या पाठीला कसं पटवायचं? एकच माणूस माझी साक्ष देऊ शकत होता, आणि तो मीच. माझी साक्ष तर इंदूरभर बाद!

शेवटी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मला वाटलं, चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की काय, जिलबी!

"मोजे काढा," त्या म्हणाल्या.

टाचेवरची शीर त्यांनी चिमटीत धरून दाबली. "ही कधीपासून जाड आहे? घरात कोणाची आहे अशी? आणि लवकर कोण कोण गेलं?"

असा श्रोता मिळाल्यावर मी काय सोडतो? रिकीब, खजिना, गोण, धुरळा, सगळं ऐकवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हातातल्या पेनाने माझ्या पापणीकडे दाखवलं.

"हे सोनं नाही. कोलेस्टेरॉल आहे. रक्तात मावेना ते वर्षानुवर्षं इथे आणि टाचेत साचलंय. आणि हृदयाच्या नळ्यांत. तुमच्या लिव्हरची दारं जन्मापासूनच कमी आहेत, आई-वडिलांपैकी एकाकडून जनुकाची बिघडलेली प्रत आलीय. पथ्य चांगलंच, पण नुसत्या पथ्याने हे उतरणार नाही. गोळी घ्यायची, कायमची. गोळी कारखाना मंदावते, मग लिव्हर दारं वाढवतं."

मी खुर्चीवरून उडालो. "ऐकलंत? दुधी निष्पाप, मी निष्पाप! मॅडम, हे लिहून द्या, शिक्का मारून. दोन प्रती!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विजयाने लेकीकडे वळलो. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"आणि पुढच्या पिढीत?" तिने विचारलं.

"निम्मी शक्यता. प्रत्येक मुलाला."

खोली केवढी लहान आहे, हे मला तेव्हा दिसलं. दार एकच, आणि ते माझ्या पाठीमागे बंद.

घरातल्या कोणाला खूण होती आणि कोण कसं गेलं, ते विचारून या, असं बाईंनी सांगितलं होतं. तिथूनच बडा गणपतीला गेलो. आत्याने लेकीच्या तोंडून सगळं ऐकलं. मग काठीने एकेक फोटो दाखवत गेली. हे आजोबा, खूण, छातीत कळ. हे थोरले काका, खूण, जेवता जेवता. हा तुझा बाप. भिंत संपली तशी काठी खाली आली.

"म्हणजे ज्यांना खूण, ते सगळे गेले?"

तिने काठी भिंतीला टेकवली.

"आणि मी कोरी म्हणून राहिले? आमचे आबा, हेच तुझे आजोबा, म्हणायचे, ही आपल्या रक्ताची वाटत नाही. जन्मभर तेच धरून बसले ना रे मी!" ती हसली की काय ते कळलं नाही. मग एकदम तिचा हात कनवटीला गेला आणि तिने लेकीकडे बघितलं. "अगं बाई. तुला मीच लावली गं."

"लावल्याने नाही येत, आजी," लेक म्हणाली. ती खाली बसली आणि तिने डाव्या पायातली सँडल काढली. "वर्षभर पट्टा घासतोय. मला वाटलं सँडलच खराब."

टाचेवरची शीर. माझ्याएवढी नाही. पण ती रिकीब मी अंधारातही ओळखली असती.

मग मी जे केलं ते त्या दोन खोल्यांत अजून घुमत असेल. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी खाल्ली. जिलबी. रोज खाल्ली. त्या डॉक्टरीणबाईंना काय कळतं? सकाळी पाव किलो, वर्कशॉपात शेव मुठींनी, घरी येताना जीभ लिंबाने घासायचो. कचोऱ्या तर इतक्या, की कचोरीवाल्याने माझ्या नावाचा झारा ठेवलाय! रक्ताबिक्ताचं काही नाही, सगळं माझ्या तोंडाचं आहे. समजलीस? तोंडाचं!"

मी छान बोललो. गुळगुळीत, कुठे अडखळलो नाही. आयुष्यातली सगळ्यात उत्तम थाप होती ती.

लेकीने सँडल हातात धरून माझ्याकडे वर बघितलं. तीन महिन्यांत बघितलं नव्हतं तसं.

"तुम्ही काहीच खाल्लं नव्हतं," ती म्हणाली. "खरंच काही नाही."

माझ्यावर विश्वास बसला तो असा, नको त्या दिवशी.

आत्याने मोहोर काढून माझ्या हातात कोंबली. "ही मोड आणि दोघांच्या गोळ्या आण. पुढच्या बारशाला मी नुसता पापा घेईन."

मोहोर मोडली नाही, ती आत्याच्या देव्हाऱ्यात आहे. लेकीची तपासणी झाली. बाईंच्या निम्म्या शक्यतेचं नाणं आमच्या बाजूने पडलं नाही. पण बाई म्हणाल्या, ही फार वेळेत सापडली; वडिलांना जे पन्नाशीनंतर मिळतंय ते हिला विशीत मिळतंय. लग्न, मूल असं काही ठरेल तेव्हा आधी मला विचारायचं, गोळी थांबवावी लागते. लेकीने मान डोलावली. तिला मान डोलावताना बघायची मला सवय नाही, ती डोलावायला लावते.

आता मला रविवारी पोहे मिळतात. अर्धी प्लेट, शेव चिमूटभर, जिलबीकडे फक्त नजर. पोहेवाल्याने पहिल्या दिवशी आरोळी ठोकली, "आओ भिया, जमानत हो गई?"

"जमानत नाही रे, उमरकैद झाली. पण जेवण सुधारलं."

बाजूला लेक उभी होती, तिच्याही हातात अर्धीच प्लेट. त्याने एकदा तिच्या प्लेटकडे बघितलं, एकदा माझ्या, आणि पुढचं वाक्य गिळलं. चांगला माणूस आहे.

रोज रात्री जेवणानंतर टेबलावर दोन गोळ्या येतात. मध्ये तो पितळी नटांचा गडी पडलेला असतो, शेपटी आता वर वळवलेली. लेक परवा गोळी तोंडात टाकून, पाणी पिऊन, मोबाईल बघत उठायला लागली. सहज. नको तितकी सहज. गाल जरासा फुगलेला. घरात एकच अट्टल थापाड्या आहे असं मी समजत होतो. पण रक्तातून काय काय उतरतं, कोणी सांगावं.

"थांब," मी म्हणालो. "जीभ."

"बाबा, काय हे?"

"दाखव."

तिने दाखवली. गोळी जिभेवर तशीच पांढरी, ओली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिचे डोळे भरले, तरी ग्लास घेतला, गिळली, आणि पुन्हा जीभ काढली. साफ.

"आता तुमची," ती म्हणाली.

मी काढली. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली, उद्याचा दुधी हातात घेऊन, आणि आम्हा दोघांना तसंच बघत उभी राहिली.